दप्तर कोणाच्या वाड्यात?

(परभणी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘सर्व्हर डाऊन आहे’ या तीन शब्दांचा अर्थ आज जिंतूरपासून सोनपेठपर्यंत कोणत्याही गावी कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात संगणकाला हात लावलेला नाही, त्यालाही तो ठाऊक आहे. सेवा केंद्राच्या दारात सकाळपासून रांग लागलेली असते, आतला मुलगा पडद्याकडे पाहून मान हलवतो, आणि रांग मुकाट्याने पांगते. कोणी चिडत नाही, कोणी जाब विचारत नाही. दुष्काळ, गारपीट यांच्याच पंक्तीला हे नवे संकट जाऊन बसले आहे, आणि दैवाशी कोणी भांडत नसते.

परंतु सर्व्हर हे दैव नव्हे. ते माणसांनी विकत घेतलेले, माणसांनी करार करून भाड्याने घेतलेले आणि माणसांनीच सांभाळावयाचे यंत्र आहे. ते बंद पडते तेव्हा कोणाचे तरी काम राहून गेलेले असते. ‘सर्व्हर डाऊन आहे’ या वाक्यात जबाबदार माणूसच नाही, आणि या गैरहजेरीतच शासनव्यवस्थेचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. शासनाचे सारे दप्तर आज अनेक ठिकाणच्या, अनेक मालकांच्या यंत्रांवर जाऊन बसले आहे. त्या सर्वांवर एकत्रित देखरेख कोण ठेवतो, आणि ती ठेवली गेली नाही तर किंमत कोण मोजतो, हा आजचा विषय आहे. तो तंत्रज्ञांचा विषय वाटतो. वस्तुतः तो अर्थकारणाचा आणि लोकशाहीचा विषय आहे.

दप्तर म्हणजे हक्क

मराठवाड्यातील माणसाला दप्तराचे महत्त्व निराळे सांगण्याची गरज नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले. परंतु निजामी राजवटीतील नोंदी त्यानंतरही माणसांच्या नशिबाशी बांधलेल्या राहिल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मोडी आणि उर्दू लिपीतील जुनी कागदपत्रे धुंडाळावी लागली आणि त्यासाठी समितीला हैदराबादपर्यंत जावे लागले. त्या मागणीविषयी कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट निर्विवाद आहे. पणजोबाच्या काळी कोणी कारकुनाने केलेली एक ओळ पणतूच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा मार्ग ठरवू शकते. ती ओळ सापडली तर हक्क. न सापडली तर नुसती तक्रार.

कागद अमर होता असे मात्र कोणी समजू नये. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि अनेक खात्यांच्या फायली जळून गेल्या. तलाठ्याच्या दप्तरातील सातबाऱ्यावर खाडाखोड कशी होत असे, एका उताऱ्यासाठी किती खेपा घालाव्या लागत आणि हातावर काय ठेवावे लागे, हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, ही साधी सोय नव्हे. गरीब माणसाची दलालापासून काही अंशी सुटका करणारी ती सुधारणा आहे. तेव्हा ‘संगणक नको, जुनेच बरे होते’ असा सूर लावणे म्हणजे प्रतिगामीपणा ठरेल. प्रश्न यंत्राचा नाही. यंत्रावरच्या ताब्याचा आहे.

क्लाउड म्हणजे काय?

‘क्लाउड’ या शब्दाने पुष्कळ गैरसमज पसरविला आहे. ढग म्हटले की काहीतरी अधांतरी, मालकी नसलेले, सर्वांवर सारखे बरसणारे असे डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात क्लाउड म्हणजे जमिनीवर उभी असलेली, भिंती आणि कुलपे असलेली एक मोठी इमारत असते. तिच्यात हजारो संगणक रात्रंदिवस चालत असतात, त्यांना वीज लागते, थंडावा लागतो, आणि वीज गेल्यास बॅटऱ्या लागतात. त्या संगणकांची शक्ती आणि साठवणूक जो तो आपल्या गरजेप्रमाणे भाड्याने घेतो आणि वापराप्रमाणे बिल भरतो. स्वतःचे जनित्र बसविण्याऐवजी वीज मंडळाची जोडणी घ्यावी, तसा हा प्रकार आहे.

महाराष्ट्राचा या दिशेचा प्रवास टप्प्याटप्प्याने झाला. राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, १९७६ साली स्थापन झाले आणि पुढे प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात त्याची शाखा आली. मे २००६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ई-प्रशासन योजना मंजूर केली. तिच्यातून राज्यांची डेटा सेंटरे, राज्यव्यापी जाळे आणि गावोगावची सेवा केंद्रे उभी राहिली. २०१३ साली केंद्राचे ‘मेघराज’ हे क्लाउड धोरण आले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये एनआयसीचा राष्ट्रीय क्लाउड सुरू झाला. पुढे खासगी कंपन्यांच्या क्लाउडलाही शासनमान्य यादीत स्थान मिळाले. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले आणि खात्यांना आपला विदा क्लाउडवर नेण्याची दिशा दाखविली; असे धोरण जाहीर करणारे हे देशातील पहिले राज्य म्हणून त्याचा गौरवही झाला.

येथे ‘सार्वजनिक’ या शब्दाची गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. समाजवाद्यांच्या भाषेत सार्वजनिक म्हणजे समाजाच्या मालकीचे. क्लाउडच्या भाषेत सार्वजनिक म्हणजे जे कोणीही पैसे देऊन वापरू शकते असे. मालकी बहुधा खासगी कंपनीची. शब्द एकच, अर्थ अगदी उलटा.

एक अर्ज, पाच दारे

आता परभणी जिल्ह्यातील एखाद्या शेतकरी स्त्रीचे उदाहरण घेऊ. मानवत किंवा पाथरी तालुक्यात तिची तीन एकर जमीन आहे, सोयाबीन आणि तूर हे तिचे पीक आहे. तिला पीकविमा भरावयाचा आहे किंवा एखाद्या योजनेचे अनुदान घ्यावयाचे आहे. सातबारा आणि फेरफार यांची प्रणाली पुण्याच्या एनआयसीने तयार केलेली. ई-पीक पाहणीचे ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेले, ते वेगळे. पीकविम्याचे संकेतस्थळ केंद्र शासनाचे. अनुदानाचे ‘महाडीबीटी’ राज्याच्या माहिती तंत्रज्ञान महामंडळाकडचे. तिचा अंगठा जुळतो की नाही हे ठरविणारे आधार प्राधिकरणाचे संगणक बंगळूर आणि मानेसर येथे. पैसे जमा होणार ते बँकांच्या निराळ्याच यंत्रणेतून. तिच्या दृष्टीने ‘सरकार’ एकच आहे. प्रत्यक्षात तिच्या एका अर्जाला चार-पाच दारांतून जावे लागते, प्रत्येक दाराची किल्ली वेगळ्याच्या हाती असते आणि प्रत्येकाचा करारही वेगळा असतो.

या ठिकाणी थोडे अंकगणित उपयोगी पडेल. यंत्रणा चालविणारा शासनाला वचन देतो की महिन्यातील साडेनव्व्याण्णव टक्के वेळ ती चालू राहील. ऐकावयास हे फार उत्तम वाटते. तीस दिवसांचे तास ७२०. त्यांतील अर्धा टक्का म्हणजे साडेतीन तासांपेक्षा थोडे अधिक. एवढी मुभा कोणीही देईल. परंतु अर्जाला अशी पाच दारे ओलांडावयाची असतील आणि प्रत्येक दार आपल्या सवडीने वेगवेगळ्या वेळी बंद पडत असेल, तर पाचही दारे एकाच वेळी उघडी असण्याचे प्रमाण साडेसत्त्याण्णव टक्क्यांवर येते. म्हणजे महिन्यातील सुमारे अठरा तास कोठे ना कोठे अडथळा. ते तास कचेरीच्या वेळेत आले, तर कामाचे दोन दिवसांहून अधिक गेले. आणि महिनाअखेर पाचही कंत्राटदार आपापला अहवाल सादर करून सांगतील की करार तंतोतंत पाळला गेला. पाचही जण खरे बोलत असतील. तरीही त्या बाईचा अर्ज गेलेला नसेल.

शिवाय सरासरी फसवी असते. रात्री दोन वाजता यंत्रणा चालू होती, याचा रांगेत उभ्या असलेल्या माणसाला काय उपयोग? यंत्रणा मोडते ती गर्दीच्या दिवशी, म्हणजे शेवटच्या तारखेला. खरीप २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा देण्याची योजना सुरू झाली. राज्यातून एक कोटी सत्तर लाखांच्या घरात अर्ज आले, संकेतस्थळ भाराखाली वाकले आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. जुलै २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेच्या अर्जांसाठी गावोगाव बायकांच्या रांगा लागल्या, आणि रात्री जागून अर्ज भरण्याची पाळी सेवा केंद्रांवर आली. त्याच महिन्यात रेशन दुकानांतील ई-पॉस यंत्रांचा सर्व्हर कोलमडला, आणि धान्य ऑफलाइन वाटण्याची परवानगी शासनाला द्यावी लागली. प्रत्येक वेळी मुदतवाढ मिळाली, परवानगी मिळाली, हे खरे. परंतु ती मेहेरबानी म्हणून मिळाली, हक्क म्हणून नव्हे. आणि ती जाहीर होईपर्यंत ज्यांनी आशा सोडली, त्यांची मोजदाद कोणीच केली नाही.

किंमत कोणाच्या माथी?

अर्थशास्त्रात एक जुना सिद्धान्त आहे. ज्याच्या चुकीमुळे नुकसान होते, त्यालाच ते भरावे लागत नसेल, तर चुका कमी होत नाहीत. कारखाना धूर सोडतो आणि खोकला वस्तीला होतो, तसेच हे आहे. सेवा बंद पडल्यास कंत्राटदाराच्या बिलातून दंड कापला जातो, ही सामान्य पद्धत. तो दंड जातो शासनाच्या तिजोरीत. ज्या मजुराने सेवा केंद्रात दोन दिवस घालवून दोन दिवसांची मजुरी बुडविली आणि वर सेलूचे एसटीचे भाडे भरले, त्याच्या हाती त्यातला छदामही पडत नाही. कोणत्याही अंदाजपत्रकात हा खर्च दिसत नाही. म्हणून तो नाहीच, असे समजले जाते.

रोजगार हमीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कल्पना देशाला दिली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला. त्या कामांवर मुकादमाच्या हातात हजेरीपट असे. त्यात खोटी नावे घुसडली जात, हेही नाकारण्याचे कारण नाही. त्यावर उपाय म्हणून १ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या रोजगार हमीच्या कामांवर मोबाइलमधून छायाचित्रासह हजेरी सक्तीची झाली. पुढे काय झाले? जेथे जाळे पोचत नाही, किंवा ॲप अडते, तेथे दिवसभर खड्डा खणणाऱ्या माणसाची हजेरीच चढली नाही आणि मजुरी बुडाल्याच्या तक्रारी देशाच्या अनेक भागांतून आल्या. चोरी पकडण्यासाठी आणलेले यंत्र बिघडले की ते मजुरालाच गैरहजर ठरविते. संशयाचा फायदा यंत्राला आणि शिक्षा माणसाला, ही कोणती नीती?

कशावर देखरेख?

शासनाची कामे एका नव्हे तर अनेक क्लाउडवर असणे, हा स्वतः काही दोष नाही. सारे धान्य एकाच पेवात ठेवू नये, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे संपूर्ण खाते गूगल कंपनीच्या क्लाउडवरून चुकून पुसले गेले. सहा लाखांहून अधिक सभासदांचा तो निधी. सुरक्षिततेसाठी दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीही त्याच कंपनीकडे असल्याने त्याही गेल्या. निधी वाचला, कारण आणखी एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेली होती. उलट दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील शासकीय डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. बंद पडलेल्या शासकीय प्रणालींची संख्या ७०९ असल्याचे पुढे स्पष्ट झाले. सरकारी नोकर आपली कामाची कागदपत्रे जेथे ठेवीत, त्या ‘जी-ड्राइव्ह’मधील ८५८ टेराबाइट विदा कायमचा नष्ट झाला, कारण त्याची प्रत अन्यत्र ठेवलीच नव्हती. कोरिया हा संगणकाच्या बाबतीत जगातील अग्रेसर देशांपैकी एक आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे धडा पुरता समजतो.

तेव्हा अनेक वाडे असणे चांगले. परंतु सर्व वाड्यांवर नजर ठेवणारा एक जागल्या हवा. त्याने चार गोष्टी पाहावयाच्या असतात.

पहिली गोष्ट, यंत्रणा चालू आहे की नाही. हे कंत्राटदाराच्या दारातून नव्हे, तर अर्जदाराच्या दारातून पाहावे लागते. पालमच्या सेवा केंद्रातून केलेला अर्ज शेवटच्या दारापर्यंत पोचतो की नाही, याची दर काही मिनिटांनी आपोआप चाचणी घेता येते. तंत्र त्यासाठी उपलब्ध आहे.

दुसरी गोष्ट, आत कोण शिरले. प्रत्येक संगणक आपली रोजनिशी लिहीत असतो. कोण आले, कोणते दप्तर उघडले, काय बदलले याची तीत नोंद होते. अडचण ही की प्रत्येक क्लाउडची रोजनिशी वेगळ्या पद्धतीची. मेट्रिक पद्धत येण्यापूर्वी पायली आणि शेर गावोगाव वेगळे असत आणि त्या गोंधळात शेतकरी नाडला जाई, तसाच हा गोंधळ. सर्व रोजनिशा एका मापात आणून एकत्र वाचल्या, तरच चोर एका वाड्यातून दुसऱ्यात कसा गेला हे समजते. २१ मार्च २०२१ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि मुख्यालयासह सोळा प्रादेशिक कार्यालयांचे काम विस्कळीत झाले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे पाच सर्व्हर असेच कुलूपबंद झाले, आणि देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयात कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. जाळ्याचे वेगवेगळे भाग नीट विलग केलेले नव्हते, असे कारण पुढे संसदेत सांगण्यात आले. भाड्याच्या वाड्यात भिंतीची जबाबदारी मालकाची असली, तरी खोलीला कुलूप घालणे भाडेकरूचेच काम असते. शासकीय खाती नेमके हेच विसरतात.

तिसरी गोष्ट, खर्च. क्लाउडचे बिल वापराप्रमाणे येते. एखाद्या योजनेसाठी घेतलेले यंत्र योजना संपल्यावर बंद केले नाही, तर उघड्या राहिलेल्या नळाप्रमाणे पैसा वाहत राहतो. खात्यागणिक वेगळे करार आणि वेगळी बिले असल्यावर एकूण किती पाणी वाहिले, हे सांगणारे कोणी उरत नाही.

चौथी गोष्ट, प्रत. प्रत ठेवली आहे एवढे पुरेसे नाही. त्या प्रतीवरून सारे पुन्हा उभे करता येते, हे ठरावीक काळाने प्रत्यक्ष करून पाहावे लागते. गोदावरीच्या पुराच्या आधी बोट पाण्यात घालून पाहतात. पूर आल्यावर तिला भोक आहे हे कळून उपयोग नसतो.

भाडेकरूची पराधीनता

याहून खोल प्रश्न मालकीचा आहे. क्लाउडच्या व्यवसायात भांडवल प्रचंड लागते, म्हणून जगभरात तो मूठभर कंपन्यांच्या हाती एकवटला आहे. सुरुवातीचे भाडे स्वस्त असते. परंतु दप्तर एकदा त्या वाड्यात, त्या वाड्याच्या पद्धतीने मांडले की बाहेर काढणे अवघड आणि महाग होते. सावकाराचे पहिले कर्ज नेहमी गोडच लागते.

यात सार्वभौमत्वाचाही प्रश्न येतो. अमेरिकेने २०१८ मध्ये जो कायदा केला, त्याचे संक्षिप्त नावही योगायोगाने ‘क्लाउड’ असेच आहे. अमेरिकन कंपनीकडील माहिती परदेशातील संगणकावर असली, तरी ती मागण्याचा अधिकार त्या कायद्याने तेथील तपासयंत्रणांना दिला. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांचे निमित्त होऊन मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा एकाएकी थांबविल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, त्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. त्या कंपनीत रशियन भांडवल आहे, हा मुद्दा वेगळा. भारतीय भूमीवरील उद्योगाचा कारभार परक्या भूमीवरील निर्णयाने थांबू शकतो, ही गोष्ट मात्र सिद्ध झाली.

त्यावर देशाभिमानी घोषणा देऊन विदेशी मक्तेदाराच्या जागी स्वदेशी मक्तेदार बसविणे, हा काही उपाय नव्हे. पराधीनता मालकाच्या गावावरून ठरत नाही. भाडेकरूला वाडा सोडता येतो की नाही, यावरून ठरते. उपाय सार्वजनिक क्षेत्राची स्वतःची क्षमता वाढविणे हाच आहे. अमेरिकेने प्रगत महासंगणक देण्यास नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही शासकीय संस्था स्थापन झाली, आणि १९९१ मध्ये तिने ‘परम’ हा महासंगणक उभा केला. सरकारी संस्थेला हे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. मात्र त्यासाठी कायम नोकरीतील, प्रशिक्षित, जिल्ह्यात राहणारी माणसे लागतात. कंत्राटी मुलांच्या तुटपुंज्या वेतनावर साऱ्या जिल्ह्याचे दप्तर सांभाळण्याचे ओझे टाकावयाचे आणि मग दप्तर सुरक्षित नाही म्हणून हळहळायचे, यात काही अर्थ नाही.

मागण्या

कामगार चळवळीने यंत्राशी झगडा केलेला आहे. साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्यातील कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी अटी घालून संगणकीकरणाचा करार केला. तेव्हा प्रश्न रोजगाराचा होता. आज त्याच्या जोडीला जबाबदारीचा प्रश्न आला आहे. त्या करारातून घेण्यासारखा धडा हा की, यंत्र आपल्या अटींवर आणता येते. पण त्यासाठी अटी आधी नेमक्या शब्दांत मांडाव्या लागतात.

पहिली अट अशी की, यंत्रणा बंद पडल्यास शेवटची तारीख आपोआप पुढे जावी. त्यासाठी मंत्रालयातील आदेशाची वाट पाहावी लागू नये. दुसरी अट, यंत्र चालत नसेल तेव्हा कागदी अर्ज घेऊन तारीख-वेळेची पोच देण्याचे बंधन असावे, आणि अर्जाची तारीख तीच धरली जावी. तिसरी, रेशनच्या बाबतीत राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ याच्या आठव्या कलमात धान्य न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्ता देण्याची तरतूद आहे. सर्व्हरच्या बिघाडाने धान्य चुकले तर तो भत्ता मिळालाच पाहिजे. चौथी, राज्याच्या लोकसेवा हक्क कायद्यात, २०१५ पासून, सेवेला विलंब लावणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. जो कंत्राटदार यंत्रणा बंद ठेवतो त्याचा दंडही नागरिकाच्या पदरात पडावा. पाचवी, कोणत्या खात्याचे दप्तर कोठे आहे, करार कोणाशी आहे, महिन्याचा खर्च किती, गेल्या महिन्यात यंत्रणा किती वेळ आणि कोणत्या वेळी बंद होती, आणि प्रत परत उभी करण्याची चाचणी शेवटची केव्हा झाली, याची यादी शासनाने स्वतःहून प्रसिद्ध करावी. माहिती अधिकार कायदा, २००५ याच्या चौथ्या कलमाचा आशयच तो आहे. सुरक्षिततेचे कारण सांगून कुलपाची रचना गुप्त ठेवावी. कुलपाचे बिल गुप्त ठेवण्याचे कारण नाही.

नऊ वह्या

या मागण्या निवेदनात लिहून जिल्हाधिकाऱ्यांना देणे सोपे आहे. निवेदनावर शिक्का पडेल आणि ते फायलीत जाईल. आकड्यांवाचून केलेल्या मागणीला शासन हसते, हा आजवरचा अनुभव आहे. यंत्रणा साडेनव्व्याण्णव टक्के वेळ चालू होती, असा अहवाल त्यांच्या हाती असेल. आपल्या हाती काय असणार?

म्हणून एक साधे काम सुचवावेसे वाटते. परभणी, सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा असे या जिल्ह्याचे नऊ तालुके. प्रत्येक तालुक्यातील एक सेवा केंद्र, एक रेशन दुकान आणि तलाठ्याचे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचे, एक कार्यालय निवडावे. तालुक्यागणिक एक वही ठेवावी. कोणती यंत्रणा कोणत्या दिवशी, किती वाजता बंद पडली आणि किती वाजता सुरू झाली. त्या वेळी रांगेत किती माणसे होती. त्यांतील किती जण दुसऱ्या दिवशी परत आले आणि किती आलेच नाहीत, एवढेच लिहावे. कोणाचे नाव लिहू नये, आधार क्रमांक लिहू नये. माणसाची माहिती जपावी असे सांगणाऱ्यांनी ती आधी स्वतः जपली पाहिजे. खरीप विम्याच्या मुदतीपूर्वीचे तीस दिवस ही नोंद झाली, तर नऊ वह्या भरतील.

त्या वह्यांत जे लिहिलेले असेल, ते राज्यातील कोणत्याही नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर आज दिसत नाही. कारण त्या पडद्यावर यंत्रांची प्रकृती दिसते. रांगेतून निघून गेलेला माणूस दिसत नाही. त्याची नोंद करणे, ही शासनावरची देखरेख होय. आणि ती ठेवण्यासाठी कोणाचे कंत्राट लागत नाही, क्लाउड लागत नाही. दोनशे पानी वही, एक घड्याळ आणि रोज हजर राहणारा एक कार्यकर्ता लागतो.

‘सर्व्हर डाऊन आहे’ असे उत्तर मिळाल्यावर ‘किती वाजल्यापासून?’ असा प्रश्न परभणीच्या रांगेतून ज्या दिवशी विचारला जाईल, त्या दिवसापासून हे संकट दैवाच्या खात्यातून निघून जबाबदारीच्या खात्यात जमा होईल. सुरुवात तेवढ्यानेच व्हावयाची आहे.